भुते काढणाऱ्यांचा अधिकार

पाठ : प्रेषितांची कृत्ये १९:११-२०, मार्क ९:१४-२९

गेल्या पावसाळ्यात एका आडवळणाच्या खेड्यातील उपदेशकबंधूने आम्हांस पत्र पाठविले. त्याच्या मंडळीतील एका घरी नवी सून आली आहे. ती कामात असता एकाएकी पडते, अंग ताठ होते, दातखिळी बसते, तोंडास फेस येतो, आणि शुद्धीवर आल्यावर तिला काहीएक आठवत नाही. घरच्या माणसांनी उपदेशकास निक्षून सांगितले की, हे भूत तुम्ही काढा. तुमच्यात काढणारा कोणी नसेल तर तसे स्पष्ट सांगा, म्हणजे आम्ही पलीकडच्या वाडीतील भगताकडे जाऊ. उपदेशक विचारतो, "पाळकसाहेब, मला हा अधिकार आहे काय? मला नसेल तर मंडळीत तो कोणाला आहे?"

त्याला जे उत्तर द्यावयाचे ते आम्ही त्याच आठवड्यात दिले, व ते पुढे येईलच. परंतु हा प्रश्न त्या एकट्याचा नव्हे, आणि ख्रिस्ती मंडळीपुढे तो आज प्रथमच आला आहे असेही नाही. आजपर्यंत तिने त्याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. काही चांगली, काही लाजिरवाणी. ती आज आपण पाहू.

भूत काढणारा मनुष्य सर्व देशांत व सर्व धर्मांत आढळतो. आपल्याकडे त्यास कोठे भगत, कोठे देवऋषी, कोठे मांत्रिक म्हणतात. जुन्या मराठीत त्याला पंचाक्षरी असे नाव होते. पाच अक्षरांच्या मंत्रावरून ते पडले. आजच्या पाठातील इफिस शहरही अशाच अक्षरांविषयी प्रसिद्ध होते. तेथे सहा शब्दांचा एक मंत्र चाले, व त्याला लोक 'इफिशी अक्षरे' म्हणत. ते शब्द ताइतांवर कोरीत आणि बाधा झालेल्या मनुष्याकडून म्हणवून घेत. त्यांचा अर्थ कोणासच सांगता येत नसे. अर्थ कळला असता तर त्यांचा दरारा राहिला नसता, असे आम्हांस वाटते.

यहूदी लोकांतही हा धंदा होता. योसेफस नावाच्या यहूदी इतिहासकाराने पहिल्या शतकाच्या अखेरीस आपल्या लोकांचा प्राचीन इतिहास लिहिला. त्याच्या आठव्या भागात तो एलाजार नावाच्या एका यहूद्याची गोष्ट सांगतो, व ती आपण स्वतः पाहिली असे म्हणतो. वेस्पासियन, त्याचे पुत्र, सरदार आणि शिपाई यांच्यासमक्ष एका भूतग्रस्तास आणिले. एलाजाराजवळ एक अंगठी होती. तिच्यात शलमोनाने सांगितलेली मुळी बसविलेली होती. ती त्याने रोग्याच्या नाकाशी धरिली आणि भूत नाकपुडीवाटे ओढून काढिले. मनुष्य खाली पडला. मग शलमोनाचे नाव घेऊन त्याने भुतास परत न येण्याची शपथ घातली, आणि ते खरोखर गेले हे दाखविण्यासाठी थोड्या अंतरावर पाण्याचे भांडे ठेवून, जाता जाता ते पालथे कर, अशी त्यास आज्ञा केली.

ज्यांनी देवऋषीचे काम पाहिले आहे त्यांस यात नवे असे काही वाटणार नाही. मुळी आहे, मोठ्या पुरुषाचे नाव आहे, पाहणाऱ्यांची गर्दी आहे, आणि शेवटी पुरावाही आहे. केवळ तो रोगी कोण होता आणि पुढे त्याचे काय झाले, याविषयी योसेफसाने एक अक्षर लिहिले नाही. ही उणीव वाचकांनी ध्यानात ठेवावी.

आता इफिसास या. पौल तेथे दोन वर्षांहून अधिक काळ राहिला. त्याच्या हातून रोगी बरे होतात हे पाहून तेथील फिरत्या यहूदी मांत्रिकांनी विचार केला की, शलमोनाच्या नावापेक्षा हे नवे नाव अधिक चालणारे दिसते. त्यांत स्किवा नावाच्या मुख्य याजकाचे सात पुत्र होते. यरुशलेमातील मुख्य याजकांची जी नावे इतिहासात मिळतात त्यांत स्किवा कोठेच नाही. तेव्हा ही पदवी त्याने आपल्या हाताने लावून घेतली असावी, असे पुष्कळ टीकाकारांचे मत आहे. गावोगाव फिरणाऱ्यास पदवी लागतेच. पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. दुष्ट आत्म्याने येशूची व पौलाची ओळख असल्याचे सांगितले, आणि या सातांना मात्र तुम्ही कोण म्हणून विचारिले. मग ते उघडेबागडे व घायाळ होऊन त्या घरातून पळाले.

यात त्यांचा दोष काय होता? नाव खरे होते, उच्चारही चुकला नसेल. परंतु ज्याचे नाव ते घेत होते त्याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. मुळीच्या जागी त्यांनी नाव ठेविले इतकेच. ही खोड त्यांच्याबरोबर संपली नाही. मिसर देशात लिहिलेली मंत्रांची एक जुनी पोथी पॅरिस येथील ग्रंथालयात आहे. ती सुमारे चौथ्या शतकातील समजतात. तिच्यातील भूत काढण्याच्या एका मंत्रात येशूला इब्री लोकांचा देव म्हणून त्याच्या नावाने शपथ घातली आहे. लिहिणारा ख्रिस्ती नव्हता, हे त्या वर्णनावरूनच कळते. आजही पौलाच्या रुमालांचे निमित्त करून तेलाच्या बाटल्या व रुमाल विकणारे भेटतात. त्यांनी तो पाठ पुन्हा वाचावा. रुमाल लोकांनी नेले असे तेथे आहे; पौलाने ते विकले असे नाही. आणि त्या अध्यायात रकमेचा जो एकच आकडा आहे, चांदीची ५०,००० नाणी, ती जाळून टाकलेल्या मंत्रांच्या पुस्तकांची किंमत आहे.

प्रभूची रीत यापेक्षा अगदी निराळी होती. मार्काच्या नवव्या अध्यायातील मुलगा पाहा. तो पडतो, फेस गाळतो, दात खातो, ताठ होतो. शिष्य व शास्त्री यांचा वाद चालला आहे, गर्दी जमली आहे. अशा वेळी प्रभू बापाकडे वळून विचारतो की, हे याला किती काळापासून होत आहे? वाचकहो, हा वैद्याचा प्रश्न आहे. बाप सांगतो की बालपणापासून, आणि तो पुष्कळदा विस्तवात व पाण्यात पडला आहे. शेवटी प्रभू मुलाचा हात धरून त्यास उठवितो. शुभवर्तमानांत प्रभूने भूतग्रस्तास मारिले, बांधिले, धुरी दिली किंवा उपाशी ठेविले असे एकही ठिकाण नाही. मत्तयाच्या चौथ्या अध्यायातील चोविसावे वचनही पाहावे. तेथे भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षघाती असे तीन प्रकारचे लोक वेगवेगळे मोजले आहेत. सतराव्या अध्यायात त्याच शुभवर्तमानाने फेफऱ्याच्या मुलातून भूत निघाल्याचे सांगितले आहे, हे आम्ही विसरलो नाही. दोन्ही वचने शास्त्रात आहेत. म्हणून प्रत्येक पडणाऱ्या मनुष्यास पाहताच भूत म्हणून ओरडण्याची मुभा आपणांस मिळत नाही.

येथे आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या पाळकपणाच्या पहिल्या वर्षांत एका खेड्यात दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. तिला असेच झटके येत. आम्ही सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलो होतो, उत्साह फार होता. तिच्या घरी आम्ही तीन रात्रींची प्रार्थना लाविली, आणि पहिल्याच रात्री मार्काचा नववा अध्याय मोठ्याने वाचिला. तिसऱ्या दिवशी पहाटे सर्वजण जागरणाने थकून झोपले असता मुलगी चहाचे आधण ठेवावयास उठली आणि झटका येऊन चुलीत पडली. डाव्या हाताची दोन बोटे जळून एकमेकांस चिकटली. त्या अध्यायात विस्तवाचे नाव आहे, ते आम्हीच वाचले होते. पण चुलीपाशी कोणी बसले नाही. दवाखान्यात नेल्यावर तेथील परिचारिकेने पहिला प्रश्न हाच विचारिला की, हे हिला किती दिवसांपासून होते? गोळ्या सुरू झाल्या, आणि वर्षभरात झटके जवळजवळ थांबले. बोटे मात्र तशीच राहिली. ती आता दोन मुलांची आई आहे. आम्हांस भेटते तेव्हा आदराने नमस्कार करिते, आणि त्या हाताकडे पाहिल्यावाचून आमच्याने राहवत नाही.

आता मंडळीच्या इतिहासाकडे वळू. पौलाने मंडळीतील कृपादानांच्या ज्या याद्या दिल्या आहेत त्यांत रोग बरे करण्याचे दान आहे, आत्मे ओळखण्याचे आहे. परंतु भूत काढणारा म्हणून निराळा अधिकारी नेमल्याचे नव्या करारात कोठेच नाही. दुसऱ्या शतकात रोम येथे यूस्तिन शहीद लिहितो की, इतर मांत्रिकांस जे बरे करिता आले नाहीत अशा पुष्कळांस ख्रिस्ती लोकांनी येशूच्या नावाने बरे केले. पुढे सुमारे २४८ साली ओरिगेन सांगतो की, हे काम बहुधा अगदी साधी, न शिकलेली माणसे करितात, आणि प्रार्थनेखेरीज कोणत्याही मंत्रविद्येचा उपयोग करीत नाहीत.

परंतु त्याच सुमारास मोठ्या शहरांत हे काम नेमलेल्या माणसांकडे गेले होते. २५१ साली रोमचा बिशप कर्नेल्य याने एका पत्रात आपल्या मंडळीतील सेवकांची गणती दिली आहे, व युसेबियस या इतिहासकाराने ती जतन करून ठेविली. वडील ४६, डीकन ७, उपडीकन ७, त्यांचे मदतनीस ४२, आणि भूत काढणारे, वाचक व द्वारपाल मिळून ५२. त्याच वाक्यात पुढे मंडळी १,५०० हून अधिक विधवांस व गरजूंस पोशीत होती असे आहे. भूत काढणाऱ्याची जागा कोठे आहे ती पाहावी : वडिलांच्या वर नाही; दार उघडणाऱ्याच्या शेजारी आहे.

चौथ्या शतकात लावदिकीया येथील सभेने ठराव केला की, ज्याची बिशपाने नेमणूक केलेली नाही त्याने मंडळीत किंवा घरोघर भुते काढू नयेत. त्याच सभेच्या दुसऱ्या एका ठरावात मंडळीच्या सेवकांनी मांत्रिक किंवा ज्योतिषी होऊ नये व ताईत करू नयेत असे आहे. याचा अर्थ असा की, त्या वेळी काही सेवक ताईत करीत होते. जे कोणी करीतच नाही त्यास मनाई करावी लागत नाही.

आम्हांस सर्वांत मोलाचे वाटतात ते पाचव्या शतकाच्या अखेरीस गॉल देशात, म्हणजे आताच्या फ्रान्सात, संकलित झालेले काही नियम. भूत काढणाऱ्याची नेमणूक करिताना बिशपाने त्याच्या हाती एक लहान पुस्तक द्यावे व त्यातील शब्द त्याने पाठ करावे, असे त्यांत आहे. म्हणजे मनास येईल ते ओरडावयाचे नव्हते. त्याने भूतग्रस्तांवर रोज हात ठेवावे. भूतग्रस्तांनी देवाच्या घराची जमीन झाडावी. आणि जे भूतग्रस्त देवाच्या घरी बसून असतात त्यांस रोजचे अन्न योग्य वेळी भूत काढणाऱ्यानेच पोहोचवावे. आम्ही हा नियम प्रथम वाचिला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. ज्या मनुष्यास गाव घरात घेत नसे त्याला मंडळीत बसावयास जागा होती, हातास झाडू होता, आणि ताटात भाकरी होती. ती भाकरी आणून देणारा जो, त्याचे नाव भूत काढणारा. योसेफसाच्या गोष्टीत जे नव्हते ते येथे आहे.

पुढे हे पद नावापुरते राहिले. याजक होण्याच्या वाटेवरील ती एक पायरी झाली, आणि रोमी मंडळीने १९७२ साली ती पायरीही काढून टाकिली. भूत काढण्याचा विधी मात्र तिने ठेविला. १६१४ सालच्या रोमी विधिग्रंथात पहिलीच सूचना अशी आहे की, कोणास भूत लागले आहे यावर सहजासहजी विश्वास ठेवू नये. सूचना चांगली होती. ती नेहमी पाळली गेली असे नाही.

आपल्या प्रॉटेस्टंट पूर्वजांनी तरी काय केले? मार्टिन लूथरने बाप्तिस्म्याच्या विधीत सैतानास निघून जाण्याची आज्ञा राहू दिली. इंग्लंडच्या मंडळीने १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात ती ठेविली व १५५२ च्या पुस्तकातून काढिली. पुढे तेथेच जॉन डॅरेल नावाचा एक प्युरिटन उपदेशक उपासाने व प्रार्थनेने भुते काढू लागला. १५९७ साली नॉटिंगहॅम शहरी त्याने विल्यम सोमर्स नावाच्या एका उमेदवार मुलातील भूत काढिल्याचे जाहीर केले. लोटच्या लोट लोक पाहावयास आले. मग तो मुलगा अमक्या बाईने, तमक्या बाईने आपणांवर करणी केली म्हणून नावे सांगू लागला, आणि त्या बायका तुरुंगात गेल्या. नंतर त्याने आपण सोंग केले असे कबूल केले. मग ती कबुलीही फिरविली. चौकशी होऊन डॅरेलास सेवेतून काढले व बंदीत ठेविले. डॅरेल लबाड होता की भोळा होता यावर अद्याप वाद आहे. आमच्या मते त्या बायकांना त्या वादाचा काही उपयोग नव्हता. १६०४ साली इंग्लंडच्या मंडळीने नियम केला की, बिशपाच्या लेखी परवानगीवाचून कोणत्याही पाळकाने उपास-प्रार्थनेच्या जोरावर भूत काढण्याचा यत्न करू नये. केल्यास तो फसवणूक करणारा समजला जाईल व त्याचे पद जाईल.

याच्या उलट एक उदाहरण जर्मनीतील मटलिंगेन या खेड्याचे आहे. तेथे योहान ब्लूमहार्ट नावाचा लूथरन पाळक होता. त्याच्या मंडळीतील गोट्लिबिन डिटुस या तरुण बाईला १८४२ व १८४३ या दोन वर्षांत भयंकर त्रास झाला. ब्लूमहार्ट तो त्रास भुतांचाच समजत असे. तथापि त्याचे वागणे पाहा. त्याने वैद्यास दूर केले नाही. तिच्या घरी जाताना तो गावच्या मुख्यासारखी भरवशाची माणसे साक्षीस नेई. तमाशा होऊ दिला नाही. आणि १८४४ साली सर्व हकीकत आपल्या वरिष्ठांस लिहून दिली. वरिष्ठांनी नंतर त्यास बजावले की, रोग्यांना वैद्यांकडे पाठवीत जा. आणि ती बाई? ती पुढे त्याच्याच कुटुंबात राहिली, मुलाबाळांत व कामात रमली. भुतांविषयीचे त्याचे मत कोणास पटो वा न पटो, बाई कोठे गेली याचे उत्तर या गोष्टीत आहे.

आणि एक गोष्ट अशी, की जिचे उत्तर ऐकवत नाही. १९७६ साली जर्मनीतच क्लिंगेनबर्ग गावी २३ वर्षांची एक विद्यार्थिनी मरण पावली. तिला पूर्वीपासून फेफऱ्याचे झटके येत व त्यासाठी औषध चालू झाले होते. पुढे बिशपाच्या परवानगीने दोन याजकांनी १६१४ च्या विधीप्रमाणे भूत काढण्यास आरंभ केला. सुमारे दहा महिन्यांत ६७ वेळा तो विधी झाला. तिने अन्न सोडले, आणि उपासमारीने व पाण्यावाचून ती गेली. १९७८ साली न्यायालयाने दोघे याजक व तिचे आईबाप यांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरविले. तिच्यावर प्रेम न करणारा त्या घरात कोणी नव्हता. परवानगी होती, पुस्तक होते, पाठ केलेले शब्द होते. परंतु गॉल देशातील त्या जुन्या नियमातील भाकरी राहून गेली. रोमी मंडळीने १९९९ साली विधी नवा केला, व त्यात वैद्यकाच्या व मनाच्या रोगांच्या जाणत्यांचा सल्ला घेण्याविषयी सांगितले.

आपल्या महाराष्ट्रात २०१३ सालापासून जादूटोण्याविरुद्धचा कायदा आहे. भूत उतरविण्याच्या निमित्ताने मनुष्यास दोराने वा साखळीने बांधणे, मारणे, मिरच्यांची धुरी देणे, चटके देणे, केस उपटणे, चपला भिजवलेले पाणी पाजणे हे त्याखाली गुन्हे आहेत. साप, विंचू अथवा कुत्रा चावलेल्यास दवाखान्यापासून अडवून मंत्र घालणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. शरीरास इजा किंवा पैशाचे नुकसान न करणाऱ्या प्रार्थनेस त्यात मनाई नाही. पण करणारा भगत आहे की ख्रिस्ती उपदेशक आहे, हे तो कायदा विचारीत नाही, आणि त्याने विचारूही नये.

आता त्या उपदेशकबंधूस आम्ही काय लिहिले ते सांगतो. प्रार्थना करण्याचा अधिकार तुम्हांस आहे, व तो त्या सुनेच्या सासूसही आहे. त्यासाठी वेगळी पदवी लागत नाही. बांधण्याचा, मारण्याचा, उपाशी ठेवण्याचा, पैसे घेण्याचा किंवा औषध बंद करविण्याचा अधिकार मंडळीत कोणासच नाही. एकटे जाऊ नका. एक वडील व एक समजूतदार बाई बरोबर न्या. तिच्यादेखत भुताचे नाव काढू नका. तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा, आणि पडण्याच्या वेळी कसे होते ते ज्याने पाहिले आहे त्यालाच डॉक्टरापुढे बोलू द्या. हे फेफरे असेल तर तो मेंदूचा विकार आहे. नीट उपचार मिळाल्यास शंभरांतील सुमारे सत्तर रोग्यांचे झटके थांबू शकतात. झटका आला असता तिला कुशीवर करा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, कांदा अथवा चप्पल हुंगवू नका. गोळ्या रोज घ्यावयाच्या, बरे वाटले तरी. त्या बंद करणे डॉक्टराने सांगितले तरच. आणि चुलीपाशी व विहिरीवर तिला एकटी सोडू नका. हे शेवटचे वाक्य आम्ही दोनदा लिहिले.

दिवाळीनंतर त्याचे दुसरे पत्र आले. औषध सुरू झाल्यापासून दोनच झटके आले होते. भगताकडे कोणी गेले नव्हते. पण सासूने सुनेच्या दंडास एक काळा दोरा बांधला होता. "हा दोरा मी तोडू काय?" असे तो विचारीत होता. आम्ही उलट लिहिले की, दोऱ्याकडे तूर्त पाहू नका; सासूशी बोलत राहा, तिच्या भीतीने तो बांधला आहे. गोळ्या कधी संपतात ते लिहून ठेवा. गाडी त्या गावास बाजाराच्या दिवशीच मिळते, म्हणून आता मंडळीतील दोघे भाऊ आळीपाळीने बाजारास जाताना चिठ्ठी नेतात व गोळ्या आणतात.